फ्रेडाचा अँकर

बोरीवलीच्या कड्यावर गिर्यारोहण क्लबचा नियम होता: माथ्यावर गाठी मारून केलेला दोराचा आधार, म्हणजे अँकर, जो तपासून पास करील, त्यानंच पहिलं चढायचं. तपासणी सांभाळणारे, पोट सुटलेले मार्तंडदादा म्हणूनच फ्रेडाचा अँकर दरवेळी नापास करत. "बाईच्या गाठीवर जीव टांगू काय?" नवखे फिदीफिदी हसत, फ्रेडाचं प्रशिक्षकपद लांबणीवर पडे. आज ती विनयानं म्हणाली, "दादा, अँकर अध्यक्षांनी बांधलाय. तपासता ना?" अध्यक्षांना नापास कोण करणार? दादांनी न बघताच फर्मावलं, "झकास! पास!" नियमानं चढणं आलं. अर्ध्यावर हात सुटले आणि दादा दोरावर लोंबकळू लागले. खालून दोर धरलेली फ्रेडा गोडीनं म्हणाली, "घाबरू नका दादा, अँकर माझाच आहे." "अगं, खाली घे!" "घेते ना. आधी सांगा, गाठ कशीय?" "झकास गं बाई, झकास!" "जरा मोठ्यानं, दादा. नवखे लांब बसलेत."