चंद्रीची धार

संस्थान विलीन झालं त्या साली पुण्याहून बी.ए. होऊन परतलेला दिनकर नोकरीची वाट बघत शिवाजी पेठेतल्या घरात लोळत होता. त्याचे वडील, आबा, तापानं आडवे झाले आणि धारेची चरवी पहिल्यांदाच त्याच्या हातात आली. चंद्री म्हैस आबांशिवाय कुणाचा हात लागू देत नसे; कालपासून कास तटतटली होती. त्यानं आबांचं घोंगडं पांघरलं, सडांना तूप लावलं, पुणेरी मराठीत विनवलं. तिनं लाथेसरशी चरवी उडवली. रडकुंडीला येऊन तो खेकसला, "उभी ऱ्हा की माजे बाय!" आवाज खर्जातला, खरबरीत, थेट आबांचा निघाला. चंद्रीनं कान टवकारले, पान्हा सोडला. सावरलेल्या चरवीत धार वाजू लागली. दिनकरला हात जोडावेसे वाटले, पण ते धार सोडायला तयार नव्हते. चुलीपुढून आई ओरडली, "आवं, अंगात ताप असताना गोठ्यात कशाला गेलासा?"