घोडेस्वारांची धून

"नापास," म्हणत नोंदणी कारकून हॉलिसने युडोराचा अर्ज टेबलावरून परत सरकवला.

मतदारयादीत नाव घालायला युडोरा तिसऱ्यांदा कचेरीत आली होती. साठीची काळी बाई, साउथ कॅरोलिनात हयातभर शाळेत शिकवलेली. नाव नोंदवण्याआधीच्या परीक्षेत राज्यघटनेचं कलम तिने घडाघडा वाचलं होतं, वर अर्थही सांगितला होता. गोऱ्यांना हॉलिस एवढं छळत नसे.

"चुकलं कुठं, साहेब?"

"तुझं काही चुकलं नाही गं, युडोरा. पण गुलामगिरी संपल्यावर तुझ्या लोकांच्या हाती एकदा राज्य देऊन झालंय. विधानसभेत अनवाणी पाय टेबलावर टाकून बसायचे. बाटल्या फिरवायचे, बाकांवर घोरत पडायचे. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

युडोराचे आजोबा त्या विधानसभेत चार वर्षं होते. पाहुणे असले तर ते घरातसुद्धा बूट काढत नसत.

"तुमचं वय काय, साहेब?"

"पन्नास."

"त्या गोष्टीला ऐंशी वर्षं होऊन गेली."

हॉलिस जरा अडखळला. तो खोटं बोलत नव्हता, आणि युडोराला दुःख याचंच होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"पाहिलंय म्हणजे पाहिलंय," तो म्हणाला. "शेवटी त्यांना हुसकून लावायला आमचे पांढऱ्या झग्यातले स्वार आले. मी नऊ वर्षांचा होतो. खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटल्या. अजून अंगावर काटा येतो. आणि ती धून." डोळे मिटून तो गुणगुणायला लागला.

खरे घोडेस्वार काही धून घेऊन येत नाहीत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

युडोराने ती लगेच ओळखली. ती धून कुठल्याच पुस्तकात छापलेली नव्हती. १९१६ साली गावातल्या गोऱ्यांच्या थिएटरात ते अनवाणी आमदार आणि ते पांढऱ्या झग्यातले स्वार दाखवणारा मूकपट तीन आठवडे चालला, तेव्हा पडद्याखाली, काळ्या कापडाआड बसून एकोणीस वर्षांची युडोरा पियानो वाजवायची. रिळांबरोबर आलेल्या स्वरलिपीत शेवटची पानं नव्हती. ती तिने स्वतः रचली. पडद्याकडे बघायचं नाही, सुरांना कसला आलाय रंग, अशी तिने मनाची समजूत घातली होती. लोक ताडकन उभे राहायचे तेव्हा तिला चक्क अभिमान वाटायचा. त्या अभिमानाची लाज तिने पुढे कुणाजवळ बोलून दाखवली नाही. मूकपट गेले, आता ते कोण आठवतंय, असंच ती धरून चालली होती.

"आणि शेवटी सूर असा खाली येतो," हॉलिस म्हणाला.

युडोराने अर्जाची घडी घातली.

"खाली येत नाही, साहेब. तिथं तो वर चढतो," ती म्हणाली. "मीच तसा बसवला होता, तुम्ही उठून उभं राहावं म्हणून."