संकष्टीची भरती

सकाळी ताटलीत साबुदाण्याची खिचडी दिसली आणि मयेकरमास्तरांनी बोटांवर हिशेब केला. भरतीसाठी कॅलेंडर बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

"आज संकष्टी! चतुर्थीला भरती तीनची, म्हणजे नऊपासून पाणी चढणार. जावईबापू, चला खाडीत मासे गरवायला. उपास हिचा, जिताडा आपला!"

पुण्याहून आलेल्या हर्षदला सासऱ्यांचा शब्द मोडवेना. सासूबाईंनी दिलेला डबा घेऊन तो होडीत बसला.

खाडी काही चढायचं नाव घेईना, उलट उतरतच चालली. "चढेल, चढेल," मास्तर गळ टाकत म्हणाले. दहाला होडी चिखलात रुतली. खाली मांडीभर गाळ, वर मे महिन्याचं ऊन. जिताडा राहिला बाजूला, एक खेकडा तेवढा येऊन दोघांना बघून गेला.

तासाभराने सासूबाई छत्री घेऊन काठावर आल्या. "अहो, आज अष्टमी! ओहोटी बारापर्यंत, आता दोन वाजल्याशिवाय सुटका नाही!"

"मग खिचडी कशाला केलीस?"

"जावईबापूंना आवडते म्हणून!"

मास्तरांनी जावयाकडे असं पाहिलं, जणू खाडी त्यानेच उपसली होती.

हर्षदने मान खाली घातली. साबुदाणा त्याच्या घशाखाली उतरत नसे. सात वर्षांपूर्वी मुलगी बघायला आला तेव्हा भिडेपोटी त्याने दोनदा मागून घेतला होता, एवढंच.

"उपाशी राहू नका हो," सासूबाई ओरडल्या. "डब्यातसुद्धा खिचडीच भरलीय!"