किल्ल्या सांभाळणारं घर

"तुम्ही काय, घरीच असता. तेवढं कुंड्यांना पाणी घाला," म्हणत शेजारच्या कर्णिकवहिनींनी बायकोच्या हातात किल्ली ठेवली आणि त्या केरळला गेल्या.

दर सुट्टीत असंच चालतं. सगळी सोसायटी जग बघते आणि आमची ही त्यांच्या जास्वंदी जगवते. "आपणही जाऊ या की," ती म्हणते. मी म्हणतो, "बघू." निवृत्त झाल्यापासून मी बघतोच आहे.

आज ती बॅग भरून समोर उभी राहिली. "अहो, उद्या मी भूतानला चाललेय. तिकिटं दोन आहेत. येताय तर किल्ल्या वॉचमनकडे देते. नाहीतर सगळ्या कुंड्या तुमच्या."

मी गॅलरीत जाऊन सगळ्या मजल्यांवर नजर टाकली. हिमालयाची ओढ माणसाला अशीच अचानक लागते.

"माझा स्वेटर कुठेय?"

"बॅगेत," ती म्हणाली.