परातीतलं पाणी

दारावर थाप पडली तेव्हा बिशपांच्या अंगावर स्वयंपाक्याचे मळके कपडे होते. सम्राटाच्या माणसांना सापडले तर मरण, म्हणून भक्तांनी ते बळेच चढवले होते.

"तुमचा बिशप कोण?" रोमन अधिकाऱ्याने विचारलं. कुणीच मान वर केली नाही. वैतागून तो बाकावर बसला आणि त्याने वहाणा सोडल्या. टाचा फुटून रक्त आलं होतं.

बिशप परातीत कोमट पाणी घेऊन निघाले. खऱ्या स्वयंपाक्याने मागून त्यांचा अंगरखा ओढला. पण दारी आलेल्याचे पाय धुवायची तीस वर्षांची सवय तोवर खाली वाकली होती.

अधिकाऱ्याने त्यांचं मनगट धरलं. "पाय धुणारा म्हातारा, एवढीच खूण मला सांगितली होती. चल."

"येतो," बिशप म्हणाले. "दुसरा पाय राहिलाय."