एका झाडाची भिंत

"साडी नेस," श्रावणीची आई माणिकबाई दारातून म्हणाली. "अन् तोंड असं काहून केलं? पाहुणे येऊन राहिले, यमदूत नाही."

श्रावणीने निऱ्या घातल्या, त्या सुटल्या, पुन्हा घातल्या.

मागच्या आठवड्यात तिचे बाबा किसनराव झेंडू घेऊन अमरावतीच्या फूलबाजारात गेले, तेव्हा तेल्हाऱ्याचे सहदेवराव भेटले. "रविवारी घरच्यायले घेऊन येतो," ते म्हणाले. "तुमच्या श्रावणीले भेटाचं हाय." किसनरावांनी पुढे काही विचारलं नाही. अशा गोष्टी बाजारात फोडून विचारत नाहीत. घरी येऊन त्यांनी बैठकीला रंग दिला आणि शेजारून खुर्च्या आणल्या.

ज्या परदेशी बेटावर श्रावणी शिकून आली होती, तिथल्या मॅडमनी तिला दोन वर्षांसाठी परत बोलावलं होतं. होकार कळवायचा होता आणि घरी अजून तोंड उघडलं नव्हतं. आज इथे सुपारी फुटली, की ते बेट कायमचं बुडालं.

पँटेलेरिया. इटलीच्या पायाशी, आफ्रिकेच्या हाकेवर, समुद्रात पडलेला काळ्या दगडाचा ठिपका. अकोल्याच्या शेतकी कॉलेजातून सहा महिने शिकायला गेली, तर उतरल्या उतरल्या तो काळा रंग पाहून तिला घरच्या मातीचीच आठवण आली. वारा मात्र असा, की द्राक्षाच्या वेलीसुद्धा खड्ड्यात दडून वाढतात. संत्र्याचं झाड जगवायचं तर त्या एकट्या झाडाभोवती माणसाहून उंच गोल भिंत रचतात. आत पाऊल टाकलं की वारा थांबतो. उरतो तो फक्त बहाराचा वास. एका झाडासाठी एवढा दगड वाहिला कुणीतरी! त्या भिंतीआड बसून ती पोटभर रडली होती, सुखाने. ती घरून निघाली त्या दिवशी हार गुंफता गुंफता आई गुणगुणली होती:

वाऱ्या माझ्या भाऊराया, वाह हळू हळू
माझी कोवळी मोगरी, नको पान तिचं गाळू

त्या भिंतीआड वारा आईचं ऐकायचा.

अंगणात गाडी थांबली. सहदेवराव, त्यांची बायको, मुलगा शेखर आणि त्याची धाकटी बहीण आचल.

"आचलबी अकोल्यालेच हाय, शेतकी कॉलेजात," सहदेवराव बसता बसता म्हणाले. श्रावणीने नुसती मान हलवली. तिचं लक्ष शेखरकडे होतं. तो गाडीची किल्ली बोटावर फिरवत खिडकीतून झेंडूचे वाफे पाहत होता. लाजरा असेल. नाहीतर मनात ठरवूनच आला असेल.

नाही म्हणायची तिला सोय नव्हती. मग त्यांनीच म्हणावं.

"सैपाक कोण करे वं माय तिथं?" सहदेवरावांच्या बायकोने पोह्यांची बशी हातात घेत विचारलं.

"कोणीच नाही. मिळेल ते खायचं, नाहीतर उपाशी."

घरमालकीण म्हातारी रोज दाराशी झाकलेली वाटी ठेवून जायची, ते श्रावणीने गिळून टाकलं.

"अन् राहाची सोय? पोरी पोरी वेगळ्या?"

"पोरं-पोरी एकाच घरात."

जिने वेगळे होते, दारं वेगळी होती. माणिकबाईने तिच्याकडे डोळे वटारले.

"पेणं-बिणं?" सहदेवरावांनी आवाज खाली घेतला.

"पाण्यासारखं. गावच द्राक्षांचं आहे."

"दुखलं-खुपलं तं?"

"वारा सुटला की बोट नाही, विमान नाही. पडून राहायचं."

तिला ताप आला होता तेव्हा त्या म्हातारीने उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलल्या होत्या. भाषा कळत नव्हती, तरी गाणं म्हटलं होतं.

किसनराव खाकरले. "अवं, आतालोक तं सांगे, लय चांगलं होतं म्हणून!"

"तुम्हाले घोर लागला असता, बाबा."

सहदेवरावांची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेखरची किल्ली थांबली. जमत होतं.

मग आचल पहिल्यांदा बोलली. "ताई, त्या संत्र्याच्या एका झाडाची भिंत... तुम्ही आत गेल्या होत्या?"

श्रावणी दचकली. मोबाइलवर पाहिलं असेल पोरीने. होणारी नणंद, तयारी करून आलेली. पण त्या पोरीचे डोळे परीक्षा घेणाऱ्याचे नव्हते. क्षणभर बहाराचा तो वास श्रावणीच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात शेखरची किल्ली पुन्हा वाजली.

"गेले होते," ती म्हणाली. "कोंडवाडा आहे नुसता. जीव गुदमरतो."

आचलने मान खाली घातली. तिच्यासमोरच्या पोह्यांना हातही लागला नव्हता.

सहदेवरावांनी कप खाली ठेवला आणि ते उठले. सुटले, श्रावणीने मनात म्हटलं.

"राग मानू नका, किसनभाऊ," सहदेवराव म्हणाले. "पण बरं झालं बाप्पा, आधी इचारलं. ह्या पोट्टीनं घरात जेवणखाण सोडलं होतं. म्हटलं, जे पोरगी जाऊन आली तिच्याच तोंडून ऐकू. तिनं चांगलं म्हटलं तं तुलेही धाडतो त्या बेटावर."

ते आचलकडे वळले.

"ऐकलं ना आता? चाल, बस गाडीत."