पुरचुंडीतली साखर

“साखर? आन् तुला?” शेजारच्या महांतप्पांनी कपाळावर हात मारला. “पोरी, तुला साखर म्हंजे इख. म्या माज्या हातानं इख देऊ व्हय?”

गंगम्मा दाराची चौकट धरून उभी होती. लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं. अंगातली साखर उतरलीय, चिमूटभर तरी द्या, असं तिला म्हणायचं होतं. पण जीभ जड झाली होती आणि तोंडातून नुसतंच “साखर, साखर” निघत होतं. म्हाताऱ्यानं मायेनं तिला ओट्यावर बसवलं आणि कडुलिंबाचा रस काढायला तो आत गेला. ती भिंत धरून उठली. पुढच्या दारातल्या म्हाळसाबाईनं तिचं “साखर, साखर” ऐकलं होतंच. तिनं डबा पदराआड केला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “जिभेला आवर गं माय, जिभेला आवर.”

गाव वाईट नव्हतं. साखर कारखान्याचे सभासद होते बरेच. दुष्काळानं विहिरी आटल्या, ऊस वाळला, तरी सभासदाची साखर अजून घरोघरी डब्यात होती. गंगम्माला लग्नानंतर लवकरच मधुमेह निघाला, रोज सुई टोचून घ्यावी लागणारा. तिला गोड चालत नाही, हे गावानं तिच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. पंगतीत बुंदीचं ताट तिचं पान वगळून पुढं जायचं. मग गोड बातमीही यायची थांबली. बातमी सांगायची म्हणजे हातावर साखर ठेवायची. हिला साखर चालत नाही, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? नवरा वारल्यावर तर कुणाचं लग्न ठरलं, हे तिला वाजंत्री वाजल्यावरच कळायचं. बोलायला एक गाय उरली होती.

यंदा चारा संपला आणि गायही सरकारी गुरांच्या छावणीत गेली. निघताना तिला काहीतरी गोड द्यावं म्हणून गंगम्मानं कोनाड्यातला गुळाचा खडा चारला. तो खडा खरं तर सोलापूरच्या डॉक्टरांनी ठेवायला लावलेला. दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, तर लगेच तोंडात टाकायचा. तशी वेळ कधी आलीच नव्हती. घरात दुसरा गोडाचा कण नव्हता. गाय परत येईपर्यंत दूध, दही, ताक, तूप तोंडाला लावायचं नाही, असा नेमही तिनं त्या दिवशीच धरला. लिंगायताच्या घरात अंडं-मटण कधी शिरलंच नव्हतं. राहिलं काय, तर रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, तुरीचं वरण आणि मिळेल तो पाला.

काचेच्या नळीत लघवी आणि निळं औषध तापवून ती साखर बघायची. साखर असली की रंग विटकरी व्हायचा, आणि तिचा नेहमी विटकरीच व्हायचा. नेम धरल्यावर तो हिरवट दिसायला लागला. एके दिवशी चक्क निळाच राहिला. बसवण्णा पावला! हे कुणाला तरी सांगावं म्हणून ती धावतच बाहेर आली आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

खरी गोष्ट वेगळीच होती. दूध-तुपातली चरबी पोटात जायची थांबल्यापासून तेवढंच औषध तिच्या अंगाला जास्त लागू पडत होतं. सुईतलं औषध कमी करायला हवं होतं. पण हे सांगणार कोण? ती पहिल्याइतकंच टोचत राहिली, आणि आज भरदुपारी तिच्या डोळ्यांपुढं घरं हलायला लागली.

आता एकच दार उरलं होतं. थोरल्या जावेचं, उमाबाईचं. वेगळं निघताना दोघी याच गाईवरून भांडल्या होत्या. उमाबाईला म्हादू, काशी, गौरा या पोरांच्या दुधासाठी गाय हवी होती. गंगम्माला पोरं नव्हती, म्हणून हवी होती. “मेले तरी तुमच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाय,” असं गंगम्मा बोलून बसली. मधली भिंत एकच, पण तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता.

गल्लीच्या मधोमध ती क्षणभर थांबली. मग तिनं ते दार ढकललं आणि उंबऱ्यावरच कोसळली.

“आलीस?” उमाबाईचा आवाज लांबून आला. “मेल्यावर बी येनार नव्हतीस न्हवं?”

मग काळोख झाला.

शुद्ध आली तेव्हा तोंड गोड लागत होतं. तिचं डोकं उमाबाईच्या मांडीवर होतं. उमाबाई ओल्या बोटानं तिच्या गालाच्या आत साखर लावत होती.

“अक्का, तुमाला कसं कळलं?”

“सोलापूरला तुला कोन घिऊन गेलतं? डाक्टर मला बी बोललाच की.”

गंगम्मानं मान वळवली. भुईवर उघडा डबा होता. त्यात चिंध्यांच्या बारक्या बारक्या पुरचुंड्या होत्या. काही सुटलेल्या, काही तशाच बांधलेल्या.

“ह्या कशाच्या, अक्का?”

उमाबाईनं तोंड फिरवलं.

“ही म्हादू मॅट्रिक झाला तवाची. ही काशीला ल्योक झाला तवाची,” ती पुटपुटली. “तुला चालत न्हाय, ठावं हाय मला. पन घरात साखर वाटायची आन् तुला वगळायचं, ते मला जमलं न्हाय. बांधून ठिवली.”

मग तिनं एक न सोडलेली पुरचुंडी उचलली, गंगम्माच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटली.

“आन् ही परवाची. आपल्या गौराचं लगीन ठरलंय. तुला सांगायचंच ऱ्हायलं हुतं.”